दोन झाकणं

बाटलीमामाने उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं, तरी त्या गल्लीत त्याला सगळे बाटलीमामाच म्हणत. दर तीन महिन्यांनी तो एक निळा पेटारा घेऊन यायचा. पेटाऱ्यात बर्फ आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या. गल्लीतल्या पोरांनी एकदा पेटारा उघडा पाहिला आणि नाव पडलं ते पडलंच. त्याच्या बायकोला हे नाव अजिबात आवडत नसे. नातेवाइकांत कुणी हसत विचारलं, की तिला आधी खुलासा करावा लागे, की बाटल्या पाण्याच्या, आणि त्याही येताना रिकाम्या असतात.

गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक पेट्रोल पंप होता. जमिनीत पुरलेली त्याची टाकी गंजली आणि गळू लागली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत पेट्रोल मातीत बरंच खाली उतरलं होतं. पंप बंद झाला, मालक हात झटकून मोकळा झाला, टाकी उकरून काढली, आणि माती आणि पाणी साफ करण्याचं काम एका कंपनीकडे आलं. मामा त्या कंपनीचा नमुनेवाला. जमिनीखाली पेट्रोल कुठवर सरकलंय हे वरून कुणालाच दिसत नाही, मोठमोठ्या साहेबांनाही नाही. म्हणून गल्लीत ठिकठिकाणी मनगटाएवढ्या जाड नळ्या जमिनीत उभ्या पुरल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर लोखंडी झाकणं बसवली होती. झाकण काढायचं, दोरीला बांधलेली बारीक लांबट बादली आत सोडायची, साचलेलं जुनं पाणी आधी उपसून टाकायचं, मग ताजं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं. हे मामाचं काम.

बाटली भरणं वाटतं तितकं सोपं नाही. पेट्रोल उडून जातं, त्यामुळे बाटलीत हवेचा एवढासाही बुडबुडा राहिलेला चालत नाही. पाणी कडेकडेने ओतायचं, बाटलीच्या तोंडावर फुगून आलं की हलकेच झाकण लावायचं, बाटली उलटी करायची, टिचकी मारायची आणि उजेडात धरून बघायची. बुडबुडा दिसला की सगळं पहिल्यापासून. मामाच्या बाटलीत बुडबुडा सापडला असं प्रयोगशाळेने कधी कळवलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान तो लपवतही नसे.

मुळात माणूस नीटनेटका. घरातल्या एकूण एक डब्यावर चिठ्ठी चिकटवणारा तोच. डाळ, तांदूळ, साखर, मीठ. बायको म्हणायची, एक दिवस साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवते, मग बघू तुमच्या चिठ्ठीला किती गोडी येते.

या गल्लीचं काम त्याच्याकडे आलं त्याला तीन वर्षं झाली. आधी तिथे दाढीकाका होते. ते निवृत्त होताना अर्ध्या दिवसात मामाला सगळं दाखवून मोकळे झाले. शेवटी चहा पिताना म्हणाले, "एक ध्यानात ठेव. नळी बघायची, झाकण नाही बघायचं." मामाने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांना जाताजाता दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायची हौस असते, असं त्याने मनात धरलं आणि सोडून दिलं.

झाकणांची अवस्था बघवत नव्हती. गंज चढलेला, नंबर खरवडल्याशिवाय वाचता येत नव्हते. मामाने पहिल्याच आठवड्यात, शुक्रवारी, चौदाही झाकणं काढली, नळ्यांची तोंडं फडक्याने बांधली आणि झाकणं कंपनीच्या शेडमध्ये नेली. तारेच्या ब्रशने घासली, पिवळा रंग आणला, पुठ्ठ्यात आकडे कापून साचे केले आणि एकेक झाकण असं रंगवलं की लांबून वाचता यावं. दोन दिवस रंग वाळू दिला. सोमवारी झाकणं जागच्या जागी बसवली आणि कमरेवर हात ठेवून गल्लीभर नजर टाकली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नाही, पण त्याचं त्याला बरं वाटलं.

चार नंबरच्या जागी मात्र एक नाही, दोन नळ्या होत्या, हातभर अंतरावर. तिथे जमिनीखाली चिकणमातीचा जाड थर होता, आणि त्या थराच्या वरचं पाणी वेगळं, खालचं वेगळं. म्हणून एक नळी उथळ, पंचवीस फुटांची, आणि एक खोल, सत्तर फुटांची. वरून बघितलं तर दोघी जुळ्या बहिणी. पाणीही दोन्हींत साधारण सारख्याच उंचीला येऊन थांबायचं. मामाने एका झाकणावर रंगवलं होतं ‘४ उ’ आणि दुसऱ्यावर ‘४ ख’.

या जोडीपासून तीस पावलांवर अक्काचं घर. अक्का म्हणजे मामाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मामा सहा वर्षांचा होता आणि अक्का सोळाची. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, मार दिला आणि वाढवलं. मामाचे केस पांढरे झाले तरी ती त्याला बाळ्याच म्हणे, आणि तेही गल्लीत, चारचौघांत. नमुने घ्यायला आला की तो तिच्या पायरीवर बसून चहा प्यायचा आणि तिला कामातल्या गमती सांगायचा.

त्यातली एक गंमत अशी. नमुना घेण्याआधी नळीतलं जुनं पाणी उपसावं लागतं, आणि खोल नळीत पाणी जास्त म्हणून बादल्याही जास्त. पण ही ‘ख’ नळी दर वेळी मध्येच दमायची. वीस बादल्या काढल्या की खडखडाट, मग थांबा, पाणी भरू द्या. उलट ‘उ’ नळी कितीही उपसा, तिला काही नाही. मामा म्हणायचा, खोल असून दम नाही आणि उथळ बघ, संपतच नाही. अक्का म्हणायची, माणसांचंही तसंच असतं. मग दोघं हसायची.

मामाच्या पहिल्याच नमुन्यांनी कचेरीत खळबळ उडवली होती. दाढीकाकांच्या काळात सतत वरचं पाणी घाण आणि खालचं स्वच्छ निघायचं. आता खालचं घाण निघालं आणि वरचं स्वच्छ. तेव्हाच्या इंजिनिअरसाहेबांनी चाळीस पानांचा अहवाल लिहिला. गल्लीत मातीतली वाफ ओढून घेणारं यंत्र वर्षानुवर्षं चालू होतं, त्याने वरची माती धुऊन काढली, पण तेवढ्यात पेट्रोलला चिकणमातीत कुठेतरी फट सापडली आणि ते खाली उतरलं, असा त्यांचा निष्कर्ष. सोबत नकाशा, नकाशावर लाल बाण. बाण काढलेले असले की माणसं वाद घालत नाहीत. मामानेही घातला नाही. आपलं काम बाटली भरायचं, बाण काढायचं नाही, असं तो म्हणायचा.

अहवालाप्रमाणे सगळं झालं. यंत्र ट्रकवर चढवून दुसरीकडे नेलं. गल्लीचा हातपंप नव्वद फूट खोल, खालच्या पाण्यावर चालणारा, त्याला साखळी आणि कुलूप लागलं. गल्लीला मंगळवारी आणि शुक्रवारी टँकरने पाणी येऊ लागलं. आणि अक्काच्या परसातली बावीस फुटांची विहीर, जी आठ वर्षं फळ्या ठोकून बंद होती, ती उघडली. उघडताना तिचं पाणी एकदा तपासलं, त्यात काही निघालं नाही. तरी कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, की पाणी झाडांना आणि धुण्याला वापरावं. अक्काने पत्र मामाच्या हातात दिलं आणि विचारलं, पिऊ का नको?

मामा तेव्हा जे बोलला ते त्याला पुढे शब्दन् शब्द आठवायचं. तो म्हणाला होता, "वरचं पाणी मी माझ्या हाताने तपासतो, अक्का. अख्ख्या गल्लीत त्याच्याइतकं स्वच्छ पाणी नाही. खुशाल पी."

अक्का खुशाल प्यायली. अडीच वर्षं.

यंदा कचेरीने ठरवलं, की खालच्या पाण्यात पेट्रोल आणखी पसरायला वाट नको, हातपंपाचं बोअर आणि ‘४ ख’ ही नळी सिमेंटने कायमची बुजवून टाकायची. सोमवारी सिमेंटची गाडी यायची होती. आधीच्या शुक्रवारी सकाळी इंजिनिअरबाईंचा फोन आला. या बाई नव्या, आठ महिन्यांपूर्वी आलेल्या, वयाने मामाच्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, "मामा, ‘४ ख’ची खोली तेवढी मोजून कळवा. कागदावर सत्तर आहे, पण गाळ साचला असेल तर सिमेंट कमी लागेल."

मामाने वजन बांधलेली टेप घेतली आणि ‘४ ख’चं झाकण काढलं. तीन वर्षांत नळीचा तळ मोजायची वेळ कधी आली नव्हती, पाण्याची पातळी मोजली की काम भागायचं. टेप सरसर खाली गेली आणि पंचविसावर थांबली.

त्याला वाटलं, काहीतरी अडकलंय. वजन वर ओढून दोनदा आपटलं. खाली टणक तळ होता, गाळ नाही, अडथळा नाही.  मग त्याने शेजारचं ‘४ उ’चं झाकण काढलं आणि तिच्यात टेप सोडली. पंचवीस गेले, तीस गेले, चाळीस गेले. पन्नासही गेले. टेप सत्तरावर टेकली.

तो जमिनीवर पालथा पडला आणि नळीचं तोंड फडक्याने पुसलं. आतल्या कडेला कानशीने घासून केलेल्या दोन खाचा होत्या. दुसरी नळी पुसली. तिच्यात एक खाच. एक म्हणजे उथळ, दोन म्हणजे खोल. दाढीकाकांनी झाकणांवर कधी भरवसा ठेवलाच नव्हता, म्हणून खूण नळीवरच करून ठेवली होती, आणि मामाला सांगितलंही होतं, चहा पिताना, सरळ सोप्या शब्दांत.

मग त्याला तो सोमवार आठवला. शुक्रवारी झाकणं काढताना तो नळ्यांमागच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि डावी उथळ, उजवी खोल अशी खूणगाठ बांधून घेतली होती. सोमवारी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून भिंतीकडे पाठ करून बसला. डावी उथळ, उजवी खोल. एवढंच. बाकी सगळं चोख होतं, रंग, आकडे, बाटल्या, टिचक्या.

अडीच वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. चांगल्या पाण्याला कुलूप, आणि घाण पाण्याला मोकळीक. यंत्र हलवल्यावर वरचं पेट्रोल निवांत पसरत राहिलं असणार, आणि तीस पावलं म्हणजे काही फार नाही. सोमवारी गल्लीचं चांगलं पाणी कायमचं बुजणार होतं.

मामा देवमाणूस नव्हता. त्याच्या मनात काय काय आलं ते सांगायला हवं. पहिलं आलं ते हे, की दोन झाकणं आहेत, अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागेल आणि कुणी बघत नाही. मग बाईंना कळवायचं, की नळीत काहीतरी अडकलंय, सिमेंट थांबवा, एकदा पुन्हा नमुने घेऊ. नमुने उलटे येतील. कचेरी आणखी चाळीस पानं लिहील, पेट्रोलला आणखी एखादी फट सापडेल, नवे बाण निघतील. झाकली मूठ झाकलेलीच राहील. त्याने एक झाकण हातात घेतलंसुद्धा.

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. "असा काय बसलास उन्हात? चेहरा बघ केवढासा झालाय."

मामाने झाकण खाली ठेवलं आणि कप घेतला. कपातून वाफ येत होती. त्याने विचारलं, "कुठल्या पाण्याचा?"

"विहिरीच्या. दुसरं कुठलं पाणी आहे माझ्याकडे?"

त्याने कप न पिता जमिनीवर ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड, भिंतीकडे पाठ, सगळं. अक्का उभ्याने ऐकत होती, मग नळ्यांशेजारच्या दगडावर बसली. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

तिने हातपंपाच्या साखळीकडे बघितलं. मग म्हणाली, "शिंप्याच्या बायकोचे गुडघे गेले रे, टँकरचं चार दिवसांचं पाणी एका दमात दोन जिने चढवून."

मामा फडक्याला हात पुसत राहिला.

"आणि मी काय प्यायले?"

"थोडं असेल, अक्का. नाकाला वास येणार नाही इतकं. पण पिऊ नये असं."

"पत्रात तर झाडांना घाला म्हणून लिहिलं होतं." ती सावकाश बोलत होती. "तू सांगितलंस म्हणून प्यायले मी."

आयुष्यात तिने त्याला पुष्कळ मारलं होतं. एकदा पट्टीने, एकदा चपलेने. त्यातलं काही इतकं लागलं नव्हतं. मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाने रस्त्यात बसून रडावं याची त्याला लाजही वाटली नाही.

अक्काने कप उचलला आणि चहा गटारात ओतला. तिची नजर त्या सुट्या झाकणावर गेली. "ती झाकणं हलवू नकोस," ती म्हणाली. "आहेत तशी राहू देत. त्यांना बघू दे. आणि आता फोन लाव."

दीड तासात इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी स्वतः दोन्ही नळ्या दोनदोनदा मोजल्या, गुडघे टेकून खाचा बघितल्या, फोटो काढले. मग सिमेंटवाल्याला फोन करून सोमवारची गाडी रद्द केली. 

बाईंनी वही उघडली. मनाने चांगली बाई. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मामा, रस्त्याच्या डागडुजीत झाकणं इकडची तिकडे होतात. अशी उदाहरणं आहेत. मी तसं लिहिते. तुमच्या नोकरीची तीनच वर्षं राहिलीत."

बाई माणूस वाचवू बघत होत्या, यात वाईट काही नव्हतं. अक्का तिच्या दारात उभी होती. तिला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे.

मामा म्हणाला, "रस्त्याचं लिहिलंत तर तारीख कुठली घालाल, मॅडम?"

बाईंनी वहीतून मान वर केली.

"कुठल्या दिवसापासूनचे आकडे उलटे वाचायचे ते कागदावर यायला हवं. नाहीतर दाढीकाकांचे खरे आकडेही खोटे ठरतील, आणि पुन्हा कुणीतरी भलतीकडे खणेल. झाकणं मी रंगवली. मीच उलटी बसवली. त्या सोमवारची तारीख माझ्या डायरीत आहे, ती घाला."

बाईंनी तारीख घातली.

त्याच दुपारी चार ठिकाणचे नमुने घ्यायचे ठरले. दोन्ही नळ्या, हातपंप आणि अक्काची विहीर. मामाने सवयीने हातमोजे चढवायला घेतले, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही नको, मामा. मी भरते." नियमाने बरोबरच होतं. मामा हात मागे बांधून उभा राहिला. बाईंच्या पहिल्या बाटलीत बुडबुडा आला. दुसऱ्या बाटलीतही आला. तिसऱ्या वेळी मात्र त्याला राहवेना. म्हणाला, "कडेकडेने ओता. घाई नको." बाईंनी कडेकडेने ओतलं. टिचकी मारली, उजेडात धरली, ठीक होती.

निकाल यायला नऊ दिवस लागले. तोवर अक्का टँकरच्या रांगेत उभी राहत होती. मामा तिची घागर घेऊन जायला आला तर तिने ती दिली नाही. भांडली नाही, टाकून बोलली नाही, फक्त दिली नाही. चहाचंही विचारलं नाही. आणि या नऊ दिवसांत तिने त्याला एकदाही बाळ्या म्हटलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

निकाल हातात आले. खालचं पाणी स्वच्छ, हातपंप स्वच्छ. वरच्या नळीत पेट्रोल. अक्काच्या विहिरीत जेवढं चालतं त्याच्या आठपट.

गल्लीला हातपंपाशी बोलावलं. बाई सांगणार होत्या, पण मामा म्हणाला मी सांगतो. चाळीसेक माणसं होती. त्याने फिरवाफिरव केली नाही. सांगून झालं. मग शिंपी म्हणाला, "म्हणजे पाणी इथेच होतं. दारात. आणि अडीच वर्षं आम्ही टँकरच्या मागे धावलो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही एका माणसाच्या रंगकामापायी. मामा म्हणाला, "हो."

शिंप्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, मामा, तुम्ही खोटं बोलला नाहीत हे कळतंय, पण काही दिवस या गल्लीत दिसू नका. दोघातिघांनी याहून कडक शब्द वापरले आणि मामाने ते ऐकून घेतले.  शिंप्याची बायको गुडघ्यावर हात ठेवून पायरीवर बसून होती, आणि मामाला तिच्याकडे बघणं सगळ्यात जड गेलं.

कुलपाला गंज चढला होता, किल्ली फिरेना. शेवटी साखळी कापली. पंप आधी कोरडाच कुरकुरला, मग लाल पाणी ओकला, आणि पन्नासेक दांडे मारल्यावर नितळ धार लागली. लोक घागरी आणायला पळाले. अक्काच्या विहिरीवर त्याच दिवशी पुन्हा फळ्या ठोकल्या. वरची माती साफ करणारं यंत्र महिनाभरात परत आलं, तेच जुनं, एका चाकाने लंगडं. त्याला आता आणखी तीन-चार वर्षं तरी चालावं लागणार होतं.

मामाची नोकरी गेली नाही. नमुने घेण्याचं काम मात्र गेलं. त्याला गोदामात बसवलं, रिकाम्या बाटल्या मोजून पेटाऱ्यांत भरायला. दाढीकाकांना त्याने फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, चूक माझीही आहे, खाचा दाखवायला हव्या होत्या, नुसतं बोलून काय होतं. घरी येऊन मामा डब्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडायला बसला. बायकोने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. म्हणाली, "राहू देत त्या. डबा उघडून बघायची सवय आहे मला."

डॉक्टर म्हणाले, अक्काला आज काही त्रास दिसत नाही, पण अडीच वर्षं हे पाणी पोटात गेलंय, तेव्हा रक्त दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. आज काही नाही म्हणजे उद्याही नाही असं कुणी लिहून देत नसतं. अक्काने किती वर्षं असं विचारलं नाही. मामाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ.

पहिल्या तपासणीला मामा तिला घेऊन गेला. ती यायला तयार झाली, कारण दुसरं कोण नेणार. वाटेत दोघं हवेबद्दल आणि यंत्राच्या आवाजाबद्दल बोलली, त्यापलीकडे काही नाही. रक्त घेण्याची खोली लहान होती. एक टेबल, एक खुर्ची, बाहेर बाकांवर पंधरा-वीस माणसं. रक्त घेणारी मुलगी हुशार हाताची होती, अक्काला सुई लागलीसुद्धा नाही. दोन काचेच्या नळ्या भरल्या, जांभळी झाकणं लावली, आणि घाईघाईत झाकणांवर पेनाने नंबर टाकून नळ्या समोरच्या खाचांत उभ्या केल्या. तिथे आधीच्या माणसांच्या नळ्या होत्या, सगळ्यांना तसलीच जांभळी झाकणं.

मामा गेले दोन महिने कुणालाही काही सुचवायच्या भानगडीत पडला नव्हता. आताही त्याने आधी स्वतःला आवरून बघितलं.

मग म्हणाला, "बाई, नंबर नळीवर लिहा. झाकणावर नको."

"नंतर चिठ्ठी लावतो आम्ही, काका."

"आधी लावा."

मुलीने दाराबाहेरच्या गर्दीकडे बघितलं. "रोज शंभर नळ्या भरते मी. आजवर एकही चुकली नाही."

"माझीही चुकली नव्हती," मामा म्हणाला.

मुलगी वैतागली. तिने अक्काकडे बघितलं, या काकांना बाहेर न्या अशा चेहऱ्याने. अक्का कोपरात कापूस दाबून बसली होती. तिने मामाकडे बघितलं, नळ्यांकडे बघितलं.

"लिही गं पोरी," ती म्हणाली. "आमचा बाळ्या सांगतोय तर ऐक त्याचं."

मुलीने दोन्ही नळ्या उचलल्या आणि काचेवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मामाने वाकून नंबर वाचले, हातातल्या कागदाशी ताडून बघितले, आणि पुन्हा एकदा वाचले. मग अक्काला हात देऊन उठवलं, आणि दोघं बाहेर आली.